खांब कुणाच्या जमिनीत

ऐन शूह,
ता. ११ ऑक्टोबर १९९८

ती. सलमाताईस,
धाकट्या गत्तासचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरी मोजे दाहेरांच्या सुनेनं आणून दिले. मोजे उबदार आहेत, पण टाचेपर्यंतच येतात. नज्ला म्हणाली, की नणंदबाईंना आपला भाऊ अजून बारा वर्षांचाच वाटतो, आणि वागण्यावरून त्यांचं फारसं चुकतही नाही. मी मुकाट मोजे पायात चढवले. पुढचं जेवण तिच्याच हातचं होतं.

आता मुद्द्याचं. फोनवर तुझा आवाज ऐकला की मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितोय. आपल्या स्की रिसॉर्टसाठी एक मोठं काम काढण्याइतकी ऐपत यंदा आली आहे. एकच, दोन नाहीत. रस्त्याच्या कडेला उकडलेले हरभरे विकून सुरुवात केलेल्या माणसाला एक मोठं काम म्हणजे पुष्कळ झालं, पण कुठलं ते ठरेना.

गेला हिवाळाभर मी तिकीटखिडकीमागे बसून लोकांचं बोलणं ऐकलं. बैरूतहून दहा जण येतात, त्यातले सात स्की करतच नाहीत. त्यांना बर्फात फोटो काढायचा असतो, मांस भाजायचं असतं आणि पोरांना घसरगाडीवर बसवून स्वतः घाबरायचं असतं. त्यांना हवं उपाहारगृह आणि स्वच्छ संडास. उरलेले तीन म्हणतात, की दांड्याला धरून वर ओढणारी तुमची ही लिफ्ट म्हणजे खाटकाच्या आकड्याला लटकल्यासारखं वाटतं. त्यांना खुर्च्यांची लिफ्ट हवी. सातांचं ऐकावं तर पोट भरतं, तिघांचं ऐकावं तर नाव होतं.

माझ्या मनात तिसरंच आहे. पोराला, जिरयसला, सत्ताविसावं लागलं. थंडीत स्की शिकवतो, पण बर्फ मार्चच्या आधीच संपतो आणि मग तो अंगणात बसून रस्त्याकडे बघतो. त्याच्या वयाची चौदा पोरं गावात होती, आता तीन उरलीत. हंगाम एप्रिलअखेरपर्यंत लांबला तर मी कुठं जाणार नाही, असं तो नज्लापाशी बोलला. माझ्यापाशी नाही. तेव्हा जे काही बांधीन ते त्याला इथं ठेवायला. हे फक्त तुला सांगतो.

बाबांच्या जमिनीत अर्धा वाटा तुझा. वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करून पाठव, आणि सोबत तुझं मतही. मत नको असलं तरी तू पाठवशीलच.

माया आहे तशीच असू दे, मोजे मात्र थोडे मोठे असू देत.
तुझा,
गत्तास


माँट्रियल,
ता. ८ नोव्हेंबर १९९८

चि. गत्तास यास,
सलमाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मुखत्यारपत्र सोबत आहे. वकिलातीतल्या कारकुनानं विचारलं, की बाई, भावावर भरवसा आहे ना. मी सांगितलं, की मनावर आहे, डोक्यावर नाही. तो हसला आणि शिक्का मारला.

आता मत ऐक. आपण बर्फवाल्याची मुलं. ऑगस्टात बाबा बर्फ आणायला कुठं जायचे, आठव. समुद्राकडच्या उतारावर नाही. मागच्या घळीत, जिथं दुपारीसुद्धा ऊन उतरत नाही. बकरीच्या केसांच्या पोत्यांत बर्फ ठासायचा, खेचरावर लादायचा आणि डोंगराखालच्या त्रिपोलीतल्या सरबतवाल्यांकडे पोचवायचा. पोत्याचं तोंड धरायला मी असायचे. माझी बोटं निळी पडायची, आणि तू खेचराच्या शेपटीशी खेळत बसायचास. जिथं ऑगस्टात बर्फ मिळतो तिथं एप्रिलची काय चिंता? तुझी लिफ्ट त्या घळीत घाल. जमीनही आपलीच आहे.

आणि हे माझं एकटीचं नाही. जिरयसनं तीन हिवाळे घळीत आणि समुद्राकडच्या उतारावर खुणांच्या काठ्या रोवल्यात. दर पंधरवड्याला जाऊन बर्फ किती उरला ते बघतो. त्यानं मला लिहिलं. तुला का नाही लिहिलं, हे तुला लागेल. लागू दे. एका घरात राहून मुलगा अटलांटिकपलीकडच्या आत्याला बर्फाची उंची कळवतो, म्हणजे तू काय ऐकतोस ते बघ. तिकीटखिडकीमागून तुला सगळ्या बैरूतचं ऐकू येतं.

त्याला विचार. विचारल्याशिवाय कुदळ मारू नकोस, एवढीच माझी अट.

नज्लाला माझी आठवण सांग. तू पत्र पाठवायचं विसरलास तरी ती फोन करील, याची मला खात्री आहे.
सलमा


ऐन शूह,
ता. २० डिसेंबर १९९८

ती. सलमाताईस,
कृ. सा. न. वि. वि.

नाताळाचं घर आवरून झालं, गोठ्याचा देखावा मांडून झाला. ठरलं एकदाचं. तू चिडशील, म्हणून सगळं नीट लिहितो.

घळीचा मला विसर पडलेला नाही. पण ती घळ शलीतांची, म्हणजे आपली. तिथं लिफ्ट घातली तर गाव म्हणणार, की गत्तासनं सगळा डोंगर गिळला. दाहेर आणि बू नस्सार तेवीस वर्षं एकमेकांच्या मयताला गेलेले नाहीत, हे तुला माहीत आहे. मी एकट्यानं काही उभारलं तर ते दोघं माझ्याविरुद्ध तेवढ्यापुरते एक होतील आणि मग पुन्हा आपापसात भांडायला मोकळे. म्हणून मी तिन्ही घरच्या कर्त्यांना कॉफीला बोलावलं.

चार तास बसले. अबू फहदनं, म्हणजे दाहेरांच्या थोरल्यानं, सांगितलं, की ज्याच्या जमिनीत खांब नाही त्याच्या घरात मान नाही. बू नस्सारांचा म्हातारा म्हणाला, की खांबच कशाला, आमच्या वरून दोरी गेली तरी आम्हाला दोरीची सावली मिळाली पाहिजे. हसलो सगळे, पण तो हसत नव्हता. मग मी कागदावर एक रेघ मारली. चर्चच्या मागून निघून समुद्राकडच्या उतारानं थेट माथ्यापर्यंत. ती रेघ बरोबर तिन्ही घरांच्या जमिनीतून जाते. बारा खांब, प्रत्येकी चार. म्हाताऱ्यानं दोनदा मोजले. शिवाय खुर्चीत बसलं की समुद्र दिसतो, तेव्हा बैरूतकरही खूश. तिथंच हातात हात दिले. परवा बू नस्सारांकडे मयत झालं, तर दाहेरांची सहा माणसं गेली. ताई, हे मी केलं, याचं मला बरं वाटतंय. ते तू नाकारू नकोस.

आता तुझ्या अटीचं. जिरयस त्या बैठकीत होता. घरचा मुलगा म्हणून कॉफी तोच देत होता. मी रेघ मारल्यावर तो किटली हातात घेऊन तसाच उभा राहिला आणि सांगू लागला, की त्या उतारावर फेब्रुवारी सरायच्या आत दगड वर येतात, त्यानं मोजलंय. अबू फहदच्या भुवया वर गेल्या. कॉफी देणाऱ्यानं मध्ये बोलायचं नसतं, हे त्यालाही ठाऊक आहे. मी त्याला म्हणालो, की पाहुण्यांचे पेले रिकामे आहेत. त्यानं पेले भरले.

नंतर समजावीन म्हणत होतो. नंतर दोरीचं, यंत्राचं, परवानगीचं निघालं.

तुझा राग पोचायला तीन आठवडे लागतील, तेवढे सुखाचे जाऊ दे.
गत्तास


ऐन शूह,
ता. ५ मार्च २०००

ती. सलमाताईस,
कृ. सा. न. वि. वि.

वर्षभर तू मला दोन ओळींपेक्षा जास्त लिहिलं नाहीस. बरोबर केलंस.

लिफ्ट जानेवारीच्या सहा तारखेला सुरू झाली. पाद्र्यानं पाणी शिंपडलं, बायकांनी तांदूळ उधळले, पहिल्या खुर्चीत अबू फहद आणि बू नस्सारांचा म्हातारा शेजारी बसून वर गेले. वर जाईपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत, पण उतरताना म्हाताऱ्याचा हात अबू फहदनंच धरला. लोक रडले. मीही त्यातला.

पुढचं लिहायला हात उचलत नाही. समुद्रावरून वारा सुटला की खुर्च्या पाळण्यासारख्या झुलतात आणि लिफ्ट बंद ठेवावी लागते. असे एकोणीस दिवस झाले. बर्फ पडला तसा वाऱ्यानं उडवला, उरलेला उन्हानं खाल्ला. फेब्रुवारीच्या बावीस तारखेला सातव्या खांबाखाली दगड दिसले. जिरयसनं काठी जिथं रोवली होती अगदी तिथंच. तो मला दाखवायला आला नाही. मीच गेलो आणि बघितलं.

आज मार्चची पाच. बारा खांब कोरड्या उतारावर उभे आहेत, आणि जिरयस रोज सकाळी स्की खांद्यावर टाकून पायी मागच्या घळीत जातो. तिथं कमरेएवढा बर्फ आहे. त्रिपोलीची तीन-चार पोरं त्याच्याबरोबर चालत जातात. काल मी अंगणातून बघत होतो. नज्ला शेजारी मसूर निवडत होती. ती म्हणाली, की तुमचे कान इतके तिखट, की पाहुणा फाटकात खोकला तर कोण ते सांगता. पोरगा तीन वर्षं बोलत होता, तो तेवढा तुम्हाला खोकला वाटला. मी मसूर निवडू लागलो.

तो तिकडं येण्याचा विचार करतोय का? तुला ठाऊक असेल. मला नको असलेलंही लिही.
गत्तास


माँट्रियल,
ता. २ एप्रिल २०००

चि. गत्तास यास,
आशीर्वाद. वि. वि.

तू विचारलंस म्हणून लपवत नाही. जिरयसचा अर्ज मीच भरला. तुझ्या त्या कॉफीनंतर महिन्याभरानं त्याचं पत्र आलं होतं. तक्रार एक शब्दाची नव्हती. फक्त विचारलं होतं, की तुमच्याकडच्या टेकड्यांवर स्की शिकवणारी माणसं लागतात का. मी तेव्हा तुला कळवायला हवं होतं. मी रागात होते, आणि खरं सांगू, मला माझ्या माणसांतलं कुणीतरी इथं हवंही होतं. चाळीस वर्षं झाली मला इथं. तुझी चूक दाखवत बसले आणि माझी फायद्याची निघाली.

कागद मंजूर झाले आहेत. तो सप्टेंबरात निघेल. सांगायला तो तुझ्याकडं येईल तेव्हा पहिल्यांदा ऐकतोयस असं वाग. तेवढं त्याच्यासाठी कर.

मी त्याला दोन वेळा जेवू घालीन आणि रविवारी चर्चला नेईन. याहून जास्त काही तुला देता येत नाही.
सलमा


ऐन शूह,
ता. १८ मार्च २००१

चि. जिरयस यास,
बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. घरात माणूस असताना पत्र कोण लिहितं? आत्याकडून तुझी खुशाली कळते. तिथल्या टेकडीवर तुला कायम केलं, हेही कळलं. तुझी आई विचारते, की तिकडची कॉफी ते बादलीतून पितात हे खरं आहे का.

यंदा दगड फेब्रुवारीच्या दहालाच वर आले. मी पुन्हा तिन्ही घरं बोलावली. मला वाटलं होतं, चार तास लागतील. पाव तासात झालं. सगळे म्हणाले, खांब उपटा आणि घळीत न्या. अबू फहदनं सही करताना विचारलंसुद्धा नाही, की आमच्या जमिनीत किती राहतील. त्याचा फहद दुबईला गेला. बू नस्सारांचे दोघे ऑस्ट्रेलियात. आता कुणाच्या जमिनीत काय, यावर भांडायला कुणी उरलं नाही. एवढी सहज सही तेव्हा मिळाली असती तर, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तेव्हा घळीसाठी सही न मागणारा मीच होतो.

गावातले लोक अजून मला अबू जिरयस, म्हणजे जिरयसचा बापच म्हणतात. ओ देता देता मी रस्त्याकडे बघतो.

मे महिन्यात काम सुरू करायचं. यंत्रवाला विचारतो, की खालचा पहिला खांब नेमका कुठं घ्यायचा. मी घळीत जाऊन आलो. सगळीकडं सारखंच पांढरं. बाबांच्या वेळचं मला काही आठवत नाही, मी तेव्हा खेचराच्या शेपटीशी असायचो, आत्याचं खरं आहे. त्या जागेची माहिती असणारं माणूस एकच.

तू ये असं म्हणत नाही. तुझी नोकरी आहे, तिकडं तुझं ऐकतात असं आत्यानं लिहिलंय. तू फक्त सांग, खांब कुठं रोवू. हे मी तुला तेव्हाच सगळ्यांसमोर विचारायला हवं होतं. आता कागदावर विचारतोय, ज्यात मला मध्ये बोलता येत नाही.

उत्तराची वाट बघतो. घाई नाही, आणि आहेही.
तुझा बाबा


सेंत-आगात,
ता. १० एप्रिल २००१

ती. बाबांस,
जिरयसचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. रविवारी माँट्रियलला गेलो तेव्हा आत्याला वाचून दाखवलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत होती, घासून ठेवलेली.

घळीच्या तोंडाशी बसका खडक आहे, त्यावर बकरीवाले बसतात. खालचा खांब त्या खडकाजवळ घेऊ नका. यंत्रवाला तिथंच म्हणेल, कारण जागा सपाट आहे. मार्चमध्ये पूर्वेच्या कड्यावरून बर्फाचा लोंढा सुटतो आणि नेमका तिथं येऊन थांबतो. खडकापासून चाळीस पावलं वर, डाव्या अंगाला, जुनिपरच्या दोन झुडपांच्या मध्ये. तिथं खाली खडक लागतो, पाया घट्ट बसेल. वरचा खांब कड्याच्या आत ठेवा. वर चढवला की समुद्र दिसेल, पण वाराही दिसेल. लोकांना समुद्र घरी जाताना रस्त्यावरून दिसतोच. नकाशा काढून सोबत ठेवला आहे. माझ्या काठ्या अजून असतील तर त्या जागा त्यावर लाल केल्या आहेत.

दहातल्या स्की न करणाऱ्या सात जणांसाठी संडासाचं काम आधी करून घ्या. ते मी तेव्हा बोललो नव्हतो, पण तिकीटखिडकीमागून तुम्ही ऐकलंत ते बरोबर होतं.

या उन्हाळ्यात मला येता येणार नाही. पुढच्याचं आत्ताच कसं सांगू? आईला सांगा, कॉफी बादलीतूनच पितात, आणि मीही पितो.

चाळीस पावलं लिहिली ती माझी. तुमची बावन्न होतील. लहानपणी तुमच्या मागून चर्चला चालताना तुमचं एक पाऊल पडायचं तेव्हा माझी दोन पडायची. आता उलटं झालंय. तेव्हा खडकापासून निघताना हळू चाला, आणि बावन्न मोजा.

तुमचा,
जिरयस