उभी न राहणारी नायिका

रविवार, ९ मार्च

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण तुझ्या आईइतके नाही.

पटकथा दोनदा वाचली. तुझ्या मावशीवर आणि माझ्यावर चित्रपट काढायला मी लेखी संमती द्यावी, आणि तीही शुक्रवारपर्यंत, असे तू कळवतेस. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाकडून तू मुकाट सहीची अपेक्षा केली नसशील. तेव्हा आक्षेप ऐक.

पहिला उचलण्याविषयी. तुझा नायक नायिकेला चाकांच्या खुर्चीतून अलगद दोन्ही हातांवर घेतो आणि संगीताच्या साथीने पलंगावर ठेवतो. असे उशीला उचलता येते, बायकोला नाही. आधी खुर्चीचे ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या, तिचे गुडघे आपल्या गुडघ्यांनी अडवायचे. मग तिने माझ्या गळ्यात हात टाकायचे आणि मी तीनपर्यंत मोजायचे. तुझी मावशी नेहमी दोनलाच झेप घ्यायची. "तीनपर्यंत थांबायला मी काय तुमची विद्यार्थिनी आहे?" तिची उंची माझ्या कानाच्या पाळीपर्यंत येते, हे मला त्या क्षणांमुळेच ठाऊक. पलंग हातभर अंतरावर असे. तिथे पोचण्याची घाई आम्ही कधी केली नाही. तुला जी जवळीक दाखवायची आहे, ती इथे आहे. याहून अधिक मी लिहिणार नाही, आणि तू लहान नाहीस.

दुसरा आक्षेप संवादांवर. "मी तुमच्यावर ओझं आहे" हे वाक्य तू तिच्या तोंडी तीनदा घातले आहेस. एकतीस वर्षांत मी ते एकदाही ऐकले नाही. आम्ही दर शनिवारी दुपारच्या खेळाला जायचो. डोअरकीपर कुरकुरायचा, "साहेब, खुर्ची वाटेत येते." ही म्हणायची, "मग वाट जरा सरकवा." मी तिच्याशेजारी पायरीवर बसायचो. पडद्यावर अशी खुर्चीतली एखादी नायिका आली की ही माझ्या कानाशी लागायची. "आता बघा, शेवटी ही उभी राहणार, नाहीतर मरणार. बसून संसार करायची सोयच ठेवलेली नाही मेल्यांनी!" पुढच्या रांगेतून कोणी दटावले की आणखी जोरात हसायची. तुझी नायिकाही शेवटच्या दृश्यात उभी राहते, एवढे नमूद करून ठेवतो.

तिसरा आक्षेप मी चार वेळा लिहून खोडला.

तुझा नायक अखेरपर्यंत तिची सेवा करतो. वस्तुस्थिती अशी की लग्नाच्या एकोणतिसाव्या वर्षी माझी पाठ गेली. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. मी सकाळ-संध्याकाळ एक परिचारिका ठेवली. बाई कामात चोख होत्या. त्या तिला उचलत तेव्हा मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसे, कारण आत माझी आवश्यकता नव्हती. युक्तिवादात कुठेही खोट नव्हती. हळूहळू बाई नसतानाही मी बाहेरच बसू लागलो. दीडेक वर्षाने एका दुपारी ती आतून म्हणाली, "पाठ दुखते म्हणून बाई ठेवल्यात, बरोबर केलंत. पण माझ्याजवळ बसायला पाठ कशाला लागते?"

मी म्हणालो, "चहा निवतोय तुझा."

त्यानंतर ती पाच महिने होती. आज जाऊन बसावे, असे मी रोज ठरवत असे. एकदा बाईंनी तिच्या पलंगाशी माझ्यासाठी स्टूलही मांडून ठेवले. मी वर्तमानपत्र संपवले. मग जाहिराती वाचल्या.

नातेवाईक मला आदर्श पती म्हणतात. तूही तेच लिहिले आहेस. मी आजवर कोणाचीही चूक सुधारली नाही.

संमतिपत्र सही करून सोबत ठेवले आहे. अट एकच: ती दुपार चित्रपटात घे, तिच्या प्रश्नासकट आणि माझ्या उत्तरासकट. त्यावर नायक उठून तिच्याजवळ जातो, असे दाखवण्याचा तुला मोह होईल. प्रेक्षकांना ते आवडेलही. तसे करू नकोस. त्याला बाहेरच बसू दे, आणि कॅमेरा तिच्याजवळ ठेव.

तिला काय हवे होते हे त्याच वेळी समजलेला,

तुझा काका