पायपेटीला लाथ

न्यू ऑर्लिन्स, २ सप्टेंबर १९५६

चि. ओडील हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझी मुलाखत छापलेला अंक पंचवीस सेंटांना पडला. दुकानात मोठ्यानं वाचला, तर खुर्चीतलं गिऱ्हाईक असं हसलं की माझा वस्तरा सरकला आणि त्याची उरलेली मिशी फुकटात काढून द्यावी लागली. एकूण तू महागात पडलीस.

गाण्यात तिसऱ्या ओळीनंतरची तुझी ती प्रसिद्ध उसंत म्हणे तुला न्यूयॉर्कच्या थंडीत एकटीला सुचली, आणि तिच्यात आपल्या साऱ्या लोकांचं दुःख भरलंय. दुःख कसलं, बये? ती सेलेस्तीन मावशीची चर्चमधली पायपेटी. नेमकं तिथे पेटीचं डावं पेडल अडकायचं, भात्यातला वारा संपायचा आणि मावशी लाथ घालेपर्यंत सगळे गाणारे ताटकळायचे. तू त्यांच्यात सात वर्षं होतीस.

मावशी ऑक्टोबरअखेर पेटी सोडतेय. पुढल्या हिवाळ्याचा भरवसा तिला स्वतःलाच नाही. शेवटच्या रविवारी तू शेजारी उभी राहून गावंस आणि कुणाकडून शिकलीस ते चारचौघांत सांगावंस, एवढंच ती मागते.

माया आटली नसेल तर उत्तर धाड.
तुझा दादा, अल्सीद


न्यूयॉर्क, १४ सप्टेंबर

ती. अल्सीददादास,
सा. न. वि. वि.

हल्ली गाण्याची पारख न्हाव्याच्या दुकानात होते, हे वाचून करमणूक झाली. मावशीसाठी येईन, गाईन. भाषण मात्र करणार नाही. मोडक्या पेटीला गुरू म्हणायला मी अजून तेवढी म्हातारी झालेले नाही. आणि एक लक्षात ठेव, मी आयुष्यात कुणासाठी थांबले नाही. थांबतात ते माझे वादक.

वहिनीला सांग, गंबोच्या रश्शात भेंडी बेतानं. मला आता ते बुळबुळीत सोसत नाही.

राग नसावा, असला तरी जेवायला वाढावं.
ओडील


न्यू ऑर्लिन्स, ३० ऑक्टोबर

चि. ओडील हिस,
अ. उ. आशीर्वाद.

न जेवताच टॅक्सीत बसलीस. गाणाऱ्यांनी ताल सोडून तुझा पाणउतारा केला, असं जाताना वहिनीला म्हणालीस म्हणे. त्या गरिबांचा काही दोष नाही. तिसरी ओळ संपली आणि ते सरळ चौथीत शिरले. तू एकटी डोळे मिटून उभी. तेवढ्यात मावशीनं मान वळवून तुझ्याकडे पाहिलं, हसली, आणि जोड्यासकट पेटीला लाथ घातली. तेव्हा कुठे तुझं तोंड उघडलं.

भाषण राहिलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मावशी म्हणते, तिला जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं. तुझ्या वाटचा गंबोही तिनंच संपवला, भेंडीसकट.

लोभ कर, नाहीतर निदान भांडायला तरी ये.
दादा

ता. क. पेटीचं डावं पेडल पाद्रीबाबांनी ऑगस्टातच दुरुस्त करून घेतलं. आता ते अडकत नाही.