प्रणितच्या गालावरची खळी

पनवेल

प्रिय शोशानाताई,

चाळीस वर्षं मी इमारतींच्या दारांवर वेली आणि डाळिंबं कोरली. आपल्या यहुदी धर्मात मूर्ती वर्ज्य, म्हणून माणसाचा चेहरा कोरायला बाबांची मनाई होती. यंदा मी ती मोडली. गव्हाणचा प्रणित सीमेवर शहीद झाला, त्याच्या स्मारकासाठी दगडी पुतळा केला.

आधी मातीचा नमुना केला. गावकऱ्यांना जवान करारी हवा होता, तसाच घडवला. त्याची आई सखूबाई बघायला आली आणि म्हणाली, "ह्यो माजा प्रणित नाय. तो हसला की डाव्या गालाला खळी पडायची."

"स्मारकावर हसू कसं चालेल?" सरपंच म्हणाले.

"माज्या पोराला मी वलखते का तुमी?"

मी अंगठ्याने मातीचा तो डावा गाल हलकेच दाबला. ती रडेल असं वाटलं होतं, पण ती हसली आणि तिच्याही गालाला तीच खळी पडली.

काल पुतळा उभा राहिला. इतकं समाधान मला कुठल्याच कामाने दिलं नव्हतं.

हे पत्र मात्र मी टाकणार नाही. तुझा मुलगा नोम तिकडे इस्रायलच्या सैन्यात असताना तुला हे कशाला वाचायला लावू? तो सुटीवर घरी आला की तू फोन करशील, तेव्हाच हे सांगेन.

तुझा धाकटा भाऊ,
एलियाहू