एवढं पाणी घालतं कोण?

१४ मार्च, दुपार

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं मजेत. गच्ची तापायला लागलीय. दुपारी सगळी गल्ली पेंगते आणि मीही खुर्चीत अर्धा जागा, अर्धा झोपेत असतो.

लहानपणी बाहुलीला ताप आला की मला नाडी बघायला लावायचीस. आता रोपांची डॉक्टर तू आणि कंपाउंडर मी! तर पेशंटचा अहवाल असा : स्ट्रॉबेरीच्या पानांवर ठिपके नाहीत, पांढरी भुकटी नाही, भिंगातून पाहिलं तर किडेही नाहीत. तरी रोपं माना टाकतात, तीही ओल्या मातीत. शेवटी तू सांगितलंस तसं एक उपटून मूळ नखाने सोललं. आत पांढऱ्याऐवजी लाल दोरी.

फोनवर तू म्हणालीस, "बाबा, बुरशी आहे. कुंडीत पाणी साचतंय. एवढं पाणी घालतं कोण?" मी नुसतं "बघतो" म्हणालो. आई शेजारीच बसली होती.

दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराआड खुर्ची ओढली. आई झारी घेऊन आली. गुणगुणत सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं, पानांवरून हात फिरवला आणि आत गेली. मला डुलकी लागत होती, तेवढ्यात पुन्हा आली. "अगं बाई, तुम्हाला पाणी द्यायचं राहिलंच की!" तीच झारी, तेच गाणं. मला वाटलं, स्वप्नच पडतंय. मग ती आणखी एकदा आली.

मी अडवलं नाही. तिचा चेहरा दर वेळी इतका खुललेला होता.

संध्याकाळी म्हणाली, "ठमीने हौसेने लावलेली रोपं हो. माझं काही चुकतंय का?"

"छे गं," म्हणालो, "मातीच वाईट निघाली."

तुझ्या सल्ल्याप्रमाणे रोपं उपटून टाकली, मातीही फेकली. आता ती रिकाम्या कुंड्यांना पाणी घालते. आज त्यांना सांगत होती, "ठमी येईल हं, तोवर धरा फळ."

दवाखान्यात तिला एकट्याने न्यायचा धीर मला होत नाही. वर 'मजेत' लिहिलंय ते सवयीने. ठमी म्हणजे कोण, हे तिला अजून पक्कं ठाऊक आहे. तोवर ये, बाळा.

तुझे घाबरलेले
बाबा