अस्तर लावलेला रिमोट

५ जानेवारी

चि. चिंगीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, आणि तूही ठणठणीत असशील असं धरून चालतो, कारण नसतीस तर आत्तापर्यंत चार पानी तक्रार आली असती.

तुझं पार्सल पोचलं. रिमोट मिळाला. पहिला रिमोट फरशी पुसायच्या बादलीत गेला हे तुला कळवलंच होतं. कोणाच्या हातून गेला ते पुन्हा विचारू नकोस, घरात हात असे कितीसे चालतात.

रिमोटवाचून फार अडलं होतं गं. तुझ्या वहिनीचं तुला ठाऊक आहे. आजारपणातून उठली, डोकं लख्ख आहे, पण उजवा हात रुसून बसलाय आणि शब्द ओठांवर यायला वेळ लागतो. फोनवर तिला शब्द सापडेपर्यंत समोरचा माणूस काळजी घ्या म्हणून मोकळा होतो. म्हणून तर आपण पत्रांवर आलो. पत्र ती तिच्या चालीनं वाचते आणि उत्तर मी देतो, दोघांच्या वतीनं. इतक्या वर्षांचा संसार आहे, तिच्या मनातलं मला न बोलता कळतं.

तर सांगायचं हे की घरात तिला स्वतःच्या मर्जीनं करता यावं असं हे एवढंच उरलं होतं. कप मी धरतो, खिडकी मी उघडतो, केस शेजारीणबाई विंचरतात. टीव्ही मात्र तिचा. माझ्या बातम्या रंगात आल्या की डाव्या अंगठ्यानं खुशाल बदलायची आणि पोहण्याच्या शर्यती लावून माझ्याकडे बघायची. रिमोट गेल्यापासून जे लागलं असेल ते बघत बसते. बदलू का विचारलं तर हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. मला ते बघवत नाही.

नवा रिमोट आल्या आल्या मी आधी त्याची मापं घेतली आणि कव्हर शिवलं. पुन्हा पडला तरी फुटायला नको. निळं जाड कापड, आत दुहेरी अस्तर, कडेला पायपिंग, बटणांपुरती खिडकी, मागे सेल बदलण्यापुरती फट. कडेला एक बारीक बटण आहे, तोंडानं बोलून कार्यक्रम मागायचं. त्याचा आपल्याकडे काय उपयोग, म्हणून ते अस्तराखाली घेतलं. कव्हर असं बसलंय की गिऱ्हाईक असतं तर दुसरं शिवायला टाकून गेलं असतं.

फक्त रिमोट टीव्हीला जोडला जात नाहीये. किरकोळ गोष्ट आहे, उद्यापर्यंत जमवतो. तरी काही युक्ती असेल तर लिही.

वहिनीचा आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा

*

१२ जानेवारी

ती. दादा आणि वहिनी,

दोघांना नमस्कार. पत्र वाचून वसतिगृहाच्या ऑफिसात एकटीच हसत बसले. जगात लोक नवीन वस्तू आली की आधी चालते का ते बघतात. आमचे बंधुराज तिला आधी कपडे शिवतात.

आता नीट ऐक. आमच्या मुलींच्या हॉलमध्ये हाच टीव्ही आहे आणि त्याचे रिमोट मुली वर्षातून दोनदा तरी बिघडवतात, त्यामुळे यात माझा हात धरणारं इथे कोणी नाही. टीव्ही मागून बंद कर, थोडं थांब, पुन्हा लाव. रिमोटमध्ये नवे सेल घाल. टीव्हीच्या अगदी पुढ्यात उभा राहा. घराचं चित्र असलेलं बटण आणि त्याच्या शेजारचं मागे जायचं बटण, दोन्ही एकदम दाबून धर. रिमोटवरचा दिवा लुकलुकायला लागला की सोड. पडद्यावर जोडलं गेल्याचं लिहून येतं. एवढंच आहे. तू दोन्ही बटणं एकदम दाबत नसशील, आधी एक, मग दुसरं, असं करत असशील. तुझ्या घाईची मला कल्पना आहे.

वहिनी, तुझ्यासाठी खास बातमी. आमच्या स्वयंपाकीणबाईंनी तुझ्या हातची काजं असलेला तो पांढरा कोट अजून जपून ठेवलाय. कोट फाटला तरी काजं जशीच्या तशी, असं सगळ्यांना दाखवत असतात. तुझं काय चाललंय ते लिही ना. दादाच्या पत्रात दादाच फार असतो.

टीव्ही सुरू झाला की कळवा. मला विसरू नका, एवढीच विनंती.

तुमची,
चिंगी

*

२० जानेवारी

चि. चिंगीस,

आशीर्वाद. तुझा सगळा पाढा वाचला आणि तंतोतंत पाळला. टीव्ही बंद केला, लावला. सेल नवे घातले, तेही दोनदा, कारण पहिले का कोण जाणे लगेच उतरले. दोन्ही बटणं एकदम दाबली, पुढून दाबली, बाजूनं दाबली, खुर्चीवर उभा राहूनही दाबली. दिवा ढिम्म. घाईचं म्हणशील तर बाई, मी आयुष्यभर कापडाला कात्री लावत आलोय, घाई करणाऱ्याचं तिथं काम नाही.

मग टीव्हीच्या दुकानात जाऊन विचारलं. काउंटरवरच्या माणसानं मानही वर न करता सांगितलं की टीव्हीच गेला असणार, नवा घ्या. रिमोट दाखवायला न्यावा एवढंही मला तेव्हा सुचलं नाही, म्हणून पुन्हा जाणार होतो. पण आता ठरवलंय की नको. टीव्हीच्या खाली एक बटण आहे, ते दाबलं की चॅनल पुढे सरकतो. मी खाली शिलाईच्या दुकानात असलो तरी अधूनमधून जिना चढून येतो आणि बदलून जातो. तिला काय आवडतं ते मला माहीत आहे. त्यात अवघड काय.

वहिनीलाही आता रिमोटचं काही वाटत नाही. मी खटपट करत असलो की हात पुढे करून रिमोट ओढते, म्हणजे आता पुरे, दमलात, असंच तिचं म्हणणं. मी तिच्या हातातून काढून घेतो आणि कपाटावर ठेवतो. जीव लावणारी बाई आहे, स्वतःपेक्षा माझी काळजी जास्त. काल मात्र जरा रागावल्यासारखी वाटली, भिंतीकडे तोंड करून बसली. थकवा असेल. गरम दूध दिलं.

रिमोट परत पाठवू का, की तिकडूनच कोणाला सांगतेस? घाई नाही.

तुझ्या वाट्याची माया इथे जपून ठेवली आहे.

दादा

*

२६ जानेवारी

ती. दादास,

नमस्कार. हे पत्र फक्त तुला आहे, पण वहिनीनं वाचलं तरी चालेल. वाचावंच.

तू लिहितोस की वहिनीचं असं म्हणणं. दादा, ती म्हणाली का? तोंडानं? की तू म्हणालास आणि तिनं मान हलवली? मी मागच्या खेपेला आले होते तेव्हा बघितलं. ती एक शब्द काढायची आणि उरलेले तू, मी, शेजारीणबाई, जो असेल तो घालायचा. सगळे मायेनंच. मी जायला निघाले तेव्हा तिनं माझा हात धरला होता आणि काहीतरी सांगायला सुरुवात केली होती, आणि मी म्हणून टाकलं की येईन गं लवकर. तिला ते सांगायचं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं मला, पण रिक्षा उभी होती आणि मी गेले.

पुरे म्हणणारा माणूस रिमोट स्वतःकडे ओढत नाही रे, बाजूला सारतो. रिमोट तिला हवाय. हवाय म्हणून ओढते.

तर तुझ्या धाकट्या बहिणीचा हुकूम. आयुष्यात पहिल्यांदा करतेय, पाळ. कपाटावरचा रिमोट काढ आणि तिच्या मांडीवर ठेव. समोर खुर्ची घे आणि बस. दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली घाल, खरंच घाल, कारण ते बाहेर राहिले तर गप्प बसणार नाहीत. आणि तोंड मिट. कितीही वेळ लागला तरी. दुकानात गिऱ्हाईक ओरडलं तर ओरडू दे.

तिला काही जमलं नाही तर नाही. मी येऊन बघेन. पण आधी तिला बघू दे.

रागावू नकोस. रागावलास तरी माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
चिंगी

*

२ फेब्रुवारी

चि. चिंगीस,

अनेक आशीर्वाद, आणि तेही नेहमीपेक्षा मोठ्या हातानं.

तुझं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा मला राग आला, हे लपवत नाही. वहिनीनं वाचलं आणि कागद घडी करून स्वतःच्या उशीखाली ठेवला. मग मी काय बोलणार. दुकानाचं शटर ओढलं, वर आलो, रिमोट तिच्या मांडीवर ठेवला आणि तू सांगितलंस तसा हात मांडीखाली घालून बसलो. साठी उलटलेला माणूस, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

तिनं बटणांकडे बघितलंच नाही. डावा अंगठा कव्हरच्या कडेवरून फिरवायला लागली. कॉलर तयार झाली की ती अशीच चाचपायची, कुठे शिवण चढली असेल तर तिथेच थांबायची. थांबली. ते बारीक बटण आहे ना, त्याच्यावर मी अस्तराची दुहेरी घडी घातली होती. तिथे शिवण इतकी ताठ बसली होती की बटण आतल्या आत कायम दाबलेलं. रिमोट बिचारा पहिल्या दिवसापासून ते एकच बटण दाबून बसला होता, दुसऱ्या कुणाचं ऐकणार कसा? सेल उतरत होते तेही त्यामुळेच.

हे माझ्या लक्षात आलं तसा मी खुर्चीतून अर्धा उठलो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "थांबा. मीच."

दोनच शब्द. पण मध्ये केवढा वेळ होता चिंगे, आणि त्या वेळात मी काय काय गिळलं ते माझं मला माहीत. बसलो परत. तिनं डब्यातली धागे कापायची छोटी कात्री मागितली, बोटानं दाखवून. तेवढी मी दिली, त्याला परवानगी होती. मग तिनं उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि रिमोटवर ठेवला, वजनासारखा. तो घसरला. पुन्हा ठेवला. आणि माझी शिवण एकेक टाका करत उसवली. माझी! लोक म्हणायचे मास्तरांची शिवण उसवायची तर कापड फाटेल. हिनं डाव्या हातानं उसवली आणि कापडाला ओरखडासुद्धा नाही.

रिमोट बाहेर आला. तो काखेत धरून ती काठी टेकत टीव्हीपाशी गेली, मी मागून खुर्ची सरकवली, बस एवढंच. घराचं बटण डाव्या अंगठ्यानं दाबलं. दुसरं राहिलं. तिथे तिनं उजव्या हाताचं मधलं बोट नेलं, आणि ते बोट, चिंगे, इतक्या महिन्यांत ज्यानं चादरीची घडीसुद्धा मोडली नव्हती, ते वाकलं आणि त्यानं बटण दाबून धरलं. थरथरत होतं, पण सोडलं नाही. दिवा लुकलुकायला लागला. पडद्यावर जोडलं गेल्याचं लिहून आलं.

मी रडलो. शेजारीणबाई काय झालं म्हणून धावत आल्या, त्यांनाही मला सांगता येईना. वहिनीनं तेवढ्यात पोहण्याची शर्यत लावली होती.

नवं कव्हर शिवतो म्हटलं, बिनअस्तराचं. तिनं मान हलवायच्या आधी मी समजून घेतलं नाही, थांबलो. नको आहे म्हणाली. नको तर नको. तिच्यापुढे माझी शिलाई हरली याचा मला काय आनंद झालाय म्हणून सांगू.

तुझा हुकूम चालला. फार चढून जाऊ नकोस, आणि लवकर ये.

दादा

*

२१ फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

आशीर्वाद. अक्षर डाव्या हाताचं आहे. रोज थोडं थोडं लिहिलं. मास्तरांना दाखवलेलं नाही, फक्त पाकीट चिकटवायला देणार आहे.

तुझ्या दादानं सगळ्यांना माझ्या बोटाचं सांगितलं. पोस्टमनलासुद्धा. सांगू दे. चांगला माणूस आहे. पण एक गोष्ट त्याला कळलेली नाही, तुला सांगते. टीव्हीत मला एवढं काही बघायचं नसतं. मी बटण दाबते आणि टीव्ही माझी वाट बघतो. हळू दाबलं तरी बघतो. घाबरत नाही. माझ्याऐवजी दुसरं काही लावून ठेवत नाही. घरात दुसरं असं कोणी नव्हतं.

इतके महिने मी एकच गोष्ट सांगायला तोंड उघडत होते. प्रत्येक वेळी मला गरम दूध मिळालं. मला दूध आवडत नाही. तू आली होतीस तेव्हा तुझा हात धरून तेच सांगत होते.

परवा मास्तरांना म्हटलं, बसा. बसले. हात मांडीखाली घातले, आता सवयच झाली आहे. मग मी सांगितलं. मला खाली दुकानात यायचं आहे. काजं करायची आहेत. डाव्या हातानं वाकडी होतील, ती उसवीन, पुन्हा करीन. वरच्या खोलीत बसून कंटाळा आला आहे. सगळं वाक्य मी एकटीनं संपवलं. खूप वेळ लागला. खाली एक गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं. मास्तर हलले नाहीत.

मग म्हणाले, जिना फार उभा आहे. मी म्हटलं, माहीत आहे. म्हणाले, पडशील. मी म्हटलं, धरा. एवढं बोलायलाच अर्धी दुपार गेली, पण भांडण झालं गं, खरंखुरं. दोघांनी मिळून केलं. किती दिवसांनी.

काल उतरले. प्रत्येक पायरीवर थांबत. आज पहिलं काज केलं. वाकडं आहे. पत्रासोबत तो कापडाचा तुकडा पाठवत नाही, कारण उद्या मी त्याच्यापेक्षा बरं करणार आहे.

तू ये. मला विचार, कशी आहेस. आणि मग गप्प बस. मी सांगेन.

वाट बघण्याइतका जीव माझ्यावर असू दे.

तुझी,
वहिनी