एका माणसाचा झोळ

४ मार्च २०२५, मंगळवार

आले बाई एकदाची! नवापूरच्या कोंबड्यांच्या वासातून थेट सातपुड्याच्या हवेत. अम्मी रडली, मी मात्र खूश. झुलता पूल तयार आहे: दोन मनोरे, दोन जाड तारा, तारांना लोंबणाऱ्या चाळीस सळया, सळयांवर फळ्या. तारेचा झोळ, म्हणजे मधला बाक, अगदी नकाशाबरहुकूम. आता इंजिनिअर म्हणून मी वजनाची चाचणी घ्यायची आणि सही करायची. मग सोमवारपासून पलीकडच्या पाड्यावरची नऊ मुलं नदीत न उतरता शाळेत येतील. मला भाकरी करून देणाऱ्या तापीबाईची नात रिना त्यातलीच.

६ मार्च, गुरुवार

वाळूच्या गोण्या आल्याच नाहीत. मुकादम शिवाजीने डोकं चालवलं. होळीसाठी गुजरातहून परतलेली चाळीस माणसं पुलावर उभी केली. झोळ वाढला. उतरताना मी एकेकाला टिक केली, बरोबर चाळीस. तापीबाई म्हणते, चढताना एक्केचाळीस होती. म्हटलं, बाई, तुमची मोजणी राहू द्या!

७ मार्च

तार पूर्ववत झालीच नाही. विसाव्या सळईपाशी फळी बोटभर दबलेली, एक माणूस उभा असावा तशी. शिवाजी म्हणाला, "मॅडम, उन्हामुये व्हई ऱ्हायनं." पण मी सकाळी सातला मोजलं. तेव्हा कसलं आलंय ऊन?

८ मार्च

दाब चौदाव्या सळईला. पूल रिकामा. दुपारी सहाव्या. माझ्या काठाकडे सरकतोय. तापीबाईला विचारलं. ती म्हणाली, पुलाची वाट इथे बुडालेलेही बघत होते. मी सही करणार नाही, बास!

९ मार्च

दाब गेला! झोळ मापात. तीनदा मोजला. ऑफिसातून साहेबांचे सहा फोन आले— केली सही. भित्री कुठली मी.

१० मार्च, सकाळ

मुलं पुलावर. नऊ. मोजणीच्या दुर्बिणीतून बघतेय— दाब दहा आहेत. दहा! ओरडले, पळा रे— तापीबाई काठावर एकेकाला ओढून घेतेय. मी टिक करतेय. सात. आठ. नऊ. या अल्ला, सगळी आली—

नवव्या पोरीला तापीबाईने रिना म्हणून छातीशी धरलंय. पोरीच्या गणवेशातून पाणी गळतंय.

पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. रिना अजून पुलावरच आहे. मधोमध. आजीला हात करतेय. मग तापीबाईच्या मिठीत ही—