गोल जिन्याची मालकीण

५ मार्च २०२५, बुधवार
राखेचा बुधवार, आजपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. चाळीस दिवस काय सोडायचं? फादर म्हणाले, फिलोमिनाबाई, या वर्षी राग सोडून बघा. साखर सोडली.

८ मार्च, शनिवार
नगरहून घोडेगावला लग्नाला, हनुमंतरावांच्या मंगल कार्यालयात. नवरी गोल लोखंडी जिन्यावरून फिरत फिरत खाली आली. टाळ्या. तो जिना माझा. १९९६ साली आर्किटेक्ट शरच्चंद्र सरांच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होते. तीन आठवडे बोर्डावर वाकून काढला. आज पायथ्याशी नवी पितळी पाटी: संकल्पना, आर्किटेक्ट सुहास. सुहास म्हणजे सरांचा मुलगा. तेव्हा चौथीत होता आणि माझं खोडरबर चावायचा!
निषेध म्हणून जेवले नाही. दोन गुलाबजाम तेवढे खाल्ले. पानात आधीच वाढले होते.

९ मार्च, रविवार
प्रवचन: शत्रूंसाठी प्रार्थना करा. केली. सुहासला टक्कल पडो.

११ मार्च
भाची शॅरन पुण्यात वकील आहे. फोन केला. म्हणाली, आत्या, तू पगारावर होतीस ना, मग डिझाइन ऑफिसचं. सर गेले, ऑफिस सुहासचं झालं, म्हणजे डिझाइनही त्याचं. त्याने हक्क लेखी तुझ्या नावावर करून दिले तरच तुझं. मी म्हटलं, देईल. नाक घासत देईल.
मग विचारते, कल्पना तरी तुझीच होती ना? वकिलांची खोड. आमच्या कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये असाच एक जिना होता, हे खरं. पण मी घेतली ती प्रेरणा. सुहासने केली ती चोरी.

१७ मार्च, सोमवार
शॅरनने तयार केलेला कागद घेऊन सुहासच्या ऑफिसात. सोबत माझं भाषण, चार पानं. अर्ध्या पानावरच तो म्हणाला, मावशी, द्या इकडे, कुठे सही करू? केली. शिक्काही मारला. जिन्याच्या डिझाइनचे सर्व हक्क माझे. पाटीबद्दल म्हणाला, ती हनुमंतरावांनी हौसेने लावली, मला विचारलंसुद्धा नाही.
इतका निर्लज्ज माणूस पाहिला नाही. भांडलासुद्धा नाही. साडेतीन पानं पर्समध्ये तशीच परत आणली. चहात साखर होती. गाफील ठेवायचं म्हणून प्यावा लागला.

१९ मार्च
आता हनुमंतराव. पाटीवर माझं नाव लागलंच पाहिजे. शॅरनने नोटिशीचा मसुदा पाठवलाय. अगदीच गुळमुळीत. 'जिन्याच्या आराखड्यावरील हक्क' वगैरे. आराखडा म्हटल्यावर कोण घाबरतं? मी स्वच्छ लिहिलं: 'सदर जिना संपूर्णपणे माझ्या मालकीचा असून त्याचा वापर ताबडतोब थांबवावा.' रजिस्टर पोस्टाने धाडली. शॅरनला दाखवली नाही. तिचं मराठी कच्चं आहे.

२७ मार्च, गुरुवार
हनुमंतरावांचा फोन. चांगलेच टरकलेत. व्हय ताई, तुमचं बराबर हाय, लोकाची वस्तू आमी न्हाई ठेवायचो. मी म्हटलं, आठ दिवस देते. म्हणाले, आठ कशाला, परवाच करतो.
असं बोलावं लागतं माणसांशी. नव्या पाटीच्या अक्षरांचा नमुना काढून ठेवला. अनावरणाला निळी साडी. सुहासलाही बोलवायचं. पहिल्या रांगेत बसवायचं, म्हणजे तोंड दिसेल.

२९ मार्च, शनिवार, सकाळी ११
दारात टेम्पो. टेम्पोत जिना.
हनुमंतराव स्वतः पुढे बसून आले, हातात नारळ. म्हणाले, ताई, लई सांभाळून आनलाय, एक पायरी वाकू दिली न्हाई. मी म्हटलं, अहो, मालकी म्हणजे डिझाइनची, लोखंडाची नव्हे. त्यांनी खिशातून नोटीस काढून वाचून दाखवली. माझीच भाषा. दुर्दैवाने अतिशय स्पष्ट.
नवरी आता कुठून उतरणार, विचारलं. म्हणाले, सुहास साहेबांनी काचेची लिफ्ट सुचवलीय, आमच्या मंडळींना लई आवडली. चार माणसांनी जिना भिंतीला लावून उभा केला, गच्चीच्या पाइपाला दोरीने बांधला आणि गेले. पाटी आणली नव्हती. ती लिफ्टला लावणार आहेत.

३० मार्च, रविवार
पाडवा. शेजारच्या शोभाताईंनी कुंपणावरून विचारलं, यंदा तुम्हीपण गुढी उभारताय की काय, एवढी उंच? शॅरनला कळवलेलं नाही. योग्य वेळी कळवेन.

३१ मार्च, सोमवार, दुपारी ४
मालकिणीने एकदा तरी मालाची तपासणी करावी, म्हणून वर चढले. पर्स बरोबर होती, म्हणून वही आहे. वळण उत्तम. कठडा उत्तम. असा जिना आज कोणी काढून दाखवावा. गच्ची मात्र अजून तीन फूट वर राहते.

४.१५
दोरी सुटली आहे. एक पायरी उतरलं की जिना डोलतो. बसून घेतलं.

४.३०
शोभाताईंकडे कुलूप. अग्निशमन दल नको, ते फोटो काढतात. या जिन्याचा तोल कशावर आहे हे कळणारा नगरमध्ये एकच माणूस आहे. केवळ तांत्रिक सल्ल्यासाठी फोन करते.

५.१०
सुहास आला. शिडी आणि दोन माणसं घेऊन. मी बोलावलं नव्हतं, फक्त परिस्थिती सांगितली होती. खाली हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, मावशी, एक अडचण आहे. जिना सर्वस्वी तुमचा, मीच सही केलीय. तुमच्या लेखी परवानगीशिवाय मी याला हात कसा लावू?
दोन्ही माणसं हसली.
वहीचं पान फाडून परवानगी लिहिली, सही केली, खाली टाकली. वाऱ्याने ती शोभाताईंच्या अंगणात गेली.
दुसरी लिहायची आहे. इथेच थांबते.